दीक्षाभूमीला मोटारसायकलवर जाताय? थांबत थांबत जा

अशोक विजयादशमी जवळ आली की आमच्या नाशिकच्या वस्तीत मोटारसायकलींची धुलाई सुरू होते. कोणी चेनला ऑइल देतो, कोणी ब्रेक घट्ट करून आणतो, कोणी पंचशील ध्वजासाठी काठी शोधतो. गेली काही वर्षे सात-आठ गाड्या आणि चौदा-पंधरा माणसे असा आमचा ताफा नागपूरला जातो. रेल्वे विशेष गाड्या सोडते, पण त्यांत पाय ठेवायला जागा नसते. एस.टी.चे भाडे एका घरातल्या चौघांना परवडत नाही. आणि खरे सांगायचे तर, स्वतःच्या गाडीवरून दीक्षाभूमीला जाण्यात तरुण पोरांना अभिमानही वाटतो. ज्यांच्या आजोबांना गावात चप्पल घालून चालता येत नव्हते, त्यांना तो वाटला तर चूक काय?

पण हे आरोग्याचे पान आहे. इथे आम्ही अभिमानाबद्दल नव्हे, अंगाबद्दल लिहिणार आहोत. नाशिकहून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती करत नागपूर गाठायचे म्हणजे साडेसहाशे किलोमीटरहून जास्त अंतर पडते. मुंबईहून निघणाऱ्यांना त्यापेक्षाही जास्त. समृद्धी महामार्गावर दुचाकीला मनाई आहे, त्यामुळे जुनाच रस्ता धरावा लागतो. त्यावर ट्रक आहेत, गावे आहेत, गतिरोधक आहेत. गाडी शंभर-सव्वाशे सीसीची, मागे एक माणूस, वर पिशव्या. एवढा प्रवास शरीराला झेपवायचा कसा, याचे आम्हाला अनुभवाने कळले ते सांगतो. आमच्या ताफ्यात एक ताई आहे, ती परिचारिका आहे. औषधपाण्याचे जे इथे लिहिले आहे ते तिने तपासून दिले आहे.

एका दमात नागपूर

सुरुवातीची दोन वर्षे आमच्यात पैजच लागायची, कोण किती कमी थांबून पोहोचतो याची. संध्याकाळी कामावरून सुटायचे, जेवायचे आणि रात्री दहाला निघायचे. एका दमात नागपूर! थांबा म्हणणारा बायल्या ठरायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो की बूड बधिर, बोटांना मुंग्या, डोळे लाल. त्या अवस्थेत रांगेत उभे राहायचे, रात्र तिथेच जागून काढायची आणि पहाटे परत फिरायचे.

तिसऱ्या वर्षी परतताना आमच्यातला एक जण अकोल्याच्या अलीकडे गाडीवरच झोपला. वेळ दुपारी तीनची. रस्ता सरळ, ऊन डोक्यावर, पोटात नुकतेच जेवण. समोर ना ट्रक, ना खड्डा. गाडी हळूहळू डावीकडे सरकत गेली आणि साइडपट्टीवरून खाली शेतात उतरली. नशीब म्हणू नका, डोक्यात हेल्मेट होते म्हणून तो वाचला. गळ्याजवळचे हाड मोडले, मागे बसलेल्या चुलतभावाचा घोटा मोडला. तीन महिने कामावर जाता आले नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात तीन महिने म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना आम्ही समजावून सांगायला नको.

आम्ही त्याला घरी आणले तेव्हा त्याची आई रडली नाही, ओरडलीही नाही. तिने एवढेच विचारले, “तुम्हाला थांबायला कोणी मना केली होती का रे?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. कोणीच मना केली नव्हती. आम्हीच थांबलो नव्हतो.

तेव्हापासून आम्ही आमची पद्धत बदलली. शरीराला त्रास देऊन पोहोचणे म्हणजे श्रद्धा, हा समज आमच्या डोक्यात कुठून आला कोण जाणे. आपल्या धम्मात तर तो नाही. सिद्धार्थ गौतमाने देह झिजवून पाहिला, त्यातून ज्ञान मिळत नाही हे ओळखले आणि ती वाट सोडली. मध्यम मार्ग आपण रोज म्हणतो, मग रस्त्यावर तो का विसरतो? आराम हा चोचला नाही. जो चालक अंगाच्या दुखण्याने हैराण आहे, त्याचे अर्धे लक्ष रस्त्यावर नसते.

झोप सगळ्यात आधी

निघण्याच्या आदल्या रात्री सात तास झोप झालीच पाहिजे. आपल्या वस्तीतली कितीतरी माणसे रात्रपाळी करतात. कोणी वॉचमन आहे, कोणी हाउसकीपिंगला, कोणी पहाटे झाडू घेऊन निघते. कोणी दिवसभर डिलिव्हरीची गाडी चालवतो आणि त्याला वाटते, आपल्याला गाडीची सवय आहे. पाळी संपवून थेट हँडल धरणे हे सवयीचे काम नाही, धोक्याचे आहे. एक दिवसाची रजा जास्त घ्या. ती मिळत नसेल तर मागे बसा, चालवू नका.

पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या दोन वेळांना शरीर आपोआप सुस्त होते. माणूस कितीही जोरदार असो, शरीराचे घड्याळ चुकत नाही. म्हणून आम्ही आता पहाटे उजाडता निघतो, दुपारी दोन तास सावलीला काढतो आणि अंधार पडण्याआधी मुक्काम गाठतो. पहिला मुक्काम मलकापूर-खामगावच्या आसपास. तिथल्या बुद्धविहारात आधी कळवून ठेवले की चटईपुरती जागा मिळते. दुसऱ्या दिवशी अकोला, अमरावती करत दुपार टळता टळता नागपूर.

झोप येते आहे हे कसे ओळखावे? एकामागून एक जांभया येतात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. गाडी नकळत एका बाजूला सरकते. मागचे गाव केव्हा गेले ते आठवत नाही. हे शेवटचे लक्षण दिसले तर समजा, तुम्ही उघड्या डोळ्यांनी डुलकी घेतली आहे. ताशी साठच्या वेगाने गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे पन्नास मीटर गाडी विनाचालक.

तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणी म्हणणे, तंबाखू मळणे यांनी झोप जात नाही, पाच मिनिटे लपते. उपाय एकच, झोपणे. गाडी रस्त्यापासून लांब लावा, चहा प्या आणि लगेच वीस मिनिटे आडवे व्हा. चहातले द्रव्य अंगात भिनायला साधारण तेवढाच वेळ लागतो. उठाल तेव्हा डुलकीचा आणि चहाचा, दोन्हींचा फायदा मिळेल. त्यानेही भागले नाही तर त्या दिवशीचा प्रवास संपला असे समजा.

सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्या आणि सिरपने गुंगी येते. प्रवासात त्या घेऊन गाडी चालवू नका. दारूबद्दल वेगळे काय सांगायचे? पाचवे शील आपण सगळे घेतो. थंडी घालवायला थोडीशी, थकवा घालवायला थोडीशी, असे म्हणणारा आमच्या ताफ्यात येत नाही.

बूड, कंबर आणि मांड्या

बसण्याची दोन हाडे असतात. त्यांच्यावर तासन्‌तास भार पडला की खालचे रक्त नीट फिरत नाही, आधी दुखते, मग बधिर होते. पुष्कळांना वाटते, सीट जितकी मऊ तितके बरे. तसे नसते. फार मऊ फोम अर्ध्या तासात दबतो आणि आपण खालच्या पत्र्यावर बसल्यासारखे होते. जुना फोम खचला असेल तर सीटवाल्याकडून घट्ट फोम भरून घ्या. ते जमत नसेल तर घरातली सुती गोधडी चौघडी करून सीटवर पक्की बांधा. पक्की हा शब्द महत्त्वाचा. सरकणारी गोधडी दुखऱ्या बुडापेक्षा वाईट.

खरा उपाय मात्र थांबणे हाच. आमचा नियम असा, दर सव्वा-दीड तासाला थांबायचे, मग बरे वाटत असो वा नसो. दुखायला लागल्यावर थांबण्यात अर्थ नाही, तोवर उशीर झालेला असतो. थांबल्यावर टपरीच्या बाकड्यावर पुन्हा बसून राहू नका. दहा मिनिटे चाला. कमरेवर हात ठेवून मागे वाका, टाचा उचलून पोटऱ्या ताणा. मधल्या वेळात मोकळ्या रस्त्यावर बुडाची जागा थोडी पुढे-मागे करत राहा.

मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवा. जाड पाकिटावर तासभर बसले की कंबर एका बाजूला कलते आणि तिथून पायात कळ जाते. आमच्यातल्या एकाचे दोन वर्षांचे पाय दुखणे पाकीट पुढच्या खिशात ठेवल्यावर कमी झाले.

जाड शिवणीची घट्ट जीन्स आणि नायलॉनची आतली वस्त्रे घामाने मांड्या सोलून काढतात. सुती आणि जरा सैल कपडे घाला. मांड्या घासत असतील तर निघतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. मुक्कामाला पोहोचल्यावर तो भाग धुऊन कोरडा करा, नाही तर दुसऱ्या दिवशी नायटा-गजकर्णाला आमंत्रण.

कंबर दुखली की गोळी गिळून पुढे निघणारे बरेच असतात. गोळीने कळ जाते, कारण जात नाही. पाय बधिर होऊन तसेच राहिले, पायातली ताकद गेली किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर ते साधे कंबरदुखणे नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखू लागली, तर तेही दाखवून घ्या. फार वेळ पाय न हलवता बसल्याने शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. घरी परतल्यानंतर काही दिवसांनीही हे होऊ शकते.

हात, खांदे आणि मान

बोटांना मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा हँडल आवळून धरल्यामुळे. नवखा माणूस हँडल असे धरतो जणू ते पळून जाणार आहे. सोण भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, तार फार ताणू नये, फार ढिली सोडू नये. हँडलचेही तसेच आहे. कोपरे किंचित वाकलेली, खांदे खाली सोडलेले, मनगट सरळ. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरवर बोटे ठेवली असता मनगट वर मोडत असेल, तर मेकॅनिककडून लिव्हर थोडी खाली फिरवून घ्या. पाच मिनिटांचे काम असते. सुती का होईना, हातमोजे घाला. घामाने पकड सुटत नाही आणि पडल्यावर तळहात सोलत नाहीत.

सॅक पाठीवर घेऊन दिवसभर गाडी चालवू नका. सगळे ओझे खांद्यावर आणि मानेवर येते. सामान मागे कॅरिअरला किंवा दोन्ही बाजूंना सारखे वाटून बांधा. दोरीची टोके लोंबत ठेवू नका, ती चाकात जातात. ध्वज लावायचाच तर तो मागे, घट्ट आणि आखूड काठीला लावा. पुढे लावलेला ध्वज वाऱ्याने तोंडावर येतो.

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, पूर्ण तोंड झाकणारे आणि आपल्या मापाचे हवे. घट्ट हेल्मेटने अर्ध्या तासात कपाळ ठणकते, ढिले असेल तर वाऱ्याने मान ओढली जाते. दुकानात दहा मिनिटे घालून बघा. आत सुती रुमाल बांधला की घाम डोळ्यांत येत नाही. समोरची काच स्वच्छ असू द्या. वारा आणि धूळ डोळ्यांवर घेत दिवसभर गेले तर संध्याकाळी समोरचा दिवा दोन दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. घरात एकच हेल्मेट असेल तर शेजाऱ्याकडून मागून आणा. मागायला लाज नको.

पाणी प्या आणि लघवी रोखू नका

ऑक्टोबरचे ऊन फसवे असते. गाडीवर वारा लागतो, घाम लगेच वाळतो आणि पाणी कमी होते आहे हे कळतच नाही. मग डोके दुखते, चिडचिड होते, मांड्यांत गोळे येतात. प्रत्येक थांब्यावर तहान असो वा नसो, एक पेलाभर पाणी प्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. फार घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा घ्या. वरून लिंबू पिळा. मीठ अंदाजाने वाढवू नका. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी हे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आमच्या ताफ्यातल्या बाया पहिल्या वर्षी दिवसभर पाणीच पीत नव्हत्या. का? तर कुठे जायचे याची सोय नाही आणि थांबा म्हणायचा संकोच. नागपूरला पोहोचेपर्यंत एकीला लघवीची जळजळ आणि थंडी वाजून ताप. लघवी तासन्‌तास रोखणे आणि पाणी न पिणे, यानेच हा संसर्ग बळावतो. पुरुषांनी हे समजून घ्यावे. आपण झाडाआड जातो आणि चला म्हणतो.

पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी, टायरची हवा आणि स्वच्छतागृह यांची सोय ग्राहकांना मोफत मिळायला हवी. कुलूप असेल तर किल्ली मागा. कर्मचारी टाळाटाळ करत असेल तर चारचौघींनी मिळून शांतपणे मागा. १९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते ओंजळभर पाण्यासाठी नव्हे, सार्वजनिक गोष्टीवरच्या माणसाच्या हक्कासाठी. त्यांच्या लेकींनी पंपावर किल्ली मागताना मान खाली का घालावी? आमचे थांबे आता आम्ही पंप बघूनच ठरवतो. पाळीच्या दिवसांत असलेल्या मुलीने पॅड, कागदी पिशवी आणि साबण वरच्या कप्प्यात ठेवावे आणि थांबा म्हणायला कचरू नये.

खाणे हलके, थोडे आणि वारंवार

ढाब्यावर पोटभर जेवून लगेच गाडीवर बसणे म्हणजे झोपेला हाक मारणे. आमचा अपघात जेवणानंतरच झाला, हे विसरू नका. तळलेले वडे, झणझणीत रस्सा, ताटभर भात हे मुक्कामी पोहोचल्यावर. वाटेत घरची भाकरी, कोरडी चटणी, उकडलेली अंडी, केळी, शेंगदाणे आणि गूळ. थोडे थोडे, दर थांब्यावर. यात पैसे वाचतात आणि पोटही बिघडत नाही. उघड्यावर कापून ठेवलेली फळे आणि रंगीत सरबते टाळा. दुपारचे जेवण झाल्यावर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर सावलीत काढा.

मागे बसणाऱ्याचे दुखणे कोणी विचारत नाही

चालवणाऱ्याला धरायला हँडल असते, पुढचा खड्डा दिसतो. मागे बसलेल्याला दोन्ही नसते, म्हणून प्रत्येक धक्का त्याच्या कण्याला बसतो. साडीत एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या बाईची कंबर दिवसभर पिळलेली राहते आणि गाडीचा तोलही एकीकडे जातो. आमच्या ताफ्यात आता बाया सलवार-कमीज किंवा पँट घालून दोन्हीकडे पाय टाकून बसतात. पांढरी साडी पिशवीत नीट घडी करून नेतात आणि नागपूरला पोहोचल्यावर नेसतात. पहिल्या वर्षी दोघी-तिघींच्या सासूबाईंनी नाक मुरडले. दुसऱ्या वर्षी त्यातल्याच एकीने विचारले, “मला बी एक शिवून घ्या ना.”

ओढणीची टोके, पदर आणि लांब वेणी आत खोचा. चाकात किंवा चेनमध्ये ओढणी अडकून गळा आवळल्याच्या घटना घडतात. पायांना टेकण्यासाठी मागची पायदाने दोन्ही बाजूंना आहेत ना, ते बघा. पुढच्याने खड्डा आला की “धर” असे सांगायची सवय लावावी. दोघांनाही चालवता येत असेल तर दर शंभर किलोमीटरला अदलाबदल करा.

ट्रिपल सीट नाही म्हणजे नाही. लहान मुले, गरोदर बाया आणि वयस्कर माणसे यांना रेल्वेने किंवा एस.टी.ने पाठवा. आजीला दीक्षाभूमी बघायची असेल तर तिच्या तिकिटाचे पैसे ताफ्याने वर्गणी काढून भरावेत. आम्ही दरवर्षी दोघा-तिघांची अशी सोय करतो.

ज्यांना आजार आहे त्यांनी

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये ते नागपूरला आले तेव्हा प्रकृती खालावलेली होती, पायांना त्रास होता, उभे राहायला आधार लागत होता. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते गेले. आपल्या घरांतही मधुमेह आता घरोघरी आहे, म्हणून हे नीट वाचा.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी गाडी चालवू नये. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, डोके गरगरणे, नीट बोलता न येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. लगेच थांबा, तीन-चार चमचे साखर किंवा गोड सरबत घ्या आणि मग काहीतरी खा. पूर्ण बरे वाटेपर्यंत हँडल धरू नका. इन्सुलिन डिकीत ठेवू नका, उन्हाने ते निकामी होते. ओल्या कपड्यात गुंडाळून सावलीत न्या. पायांना मुंग्या येणाऱ्या मधुमेही माणसाने चप्पल नको, बंद बूट घालावेत आणि रोज रात्री तळवे बघावेत. सायलेन्सरचा चटका त्याला कळतही नाही.

रक्तदाबाची गोळी प्रवासात चुकवू नका. फिट येणाऱ्या माणसाने गाडी चालवूच नये. छातीत दुखणे, दम लागणे यांकडे पित्त म्हणून दुर्लक्ष करू नका. सगळ्यांनी आपल्या गोळ्यांची नावे आणि घरचा फोन नंबर एका कागदावर लिहून खिशात ठेवावा. फोन बंद पडतो, कागद बंद पडत नाही.

परतीचा प्रवास जास्त धोक्याचा

जाताना उत्साह असतो, परतताना नुसता थकवा. दीक्षाभूमीवर रात्र जागून काढलेली असते, गर्दीत पाय सुजलेले असतात, उद्या कामावर हजर व्हायचे असते. शिवाय सामान वाढलेले असते, कारण दीक्षाभूमीवर जाऊन पुस्तके न घेता परतणारा माणूस आम्ही पाहिला नाही. एका वर्षी आमच्या एका पोराने पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घेऊन अमरावतीपर्यंत गाडी चालवली आणि तिथे त्याला मान वळवता येईना. पुस्तके हवीतच. पण ती पाठीवर नकोत. सगळ्यांची मिळून एक पेटी करा आणि पार्सलने पाठवा, नाही तर रेल्वेने परतणाऱ्या माणसाच्या हवाली करा.

आम्ही आता नागपुरात एक रात्र जास्त काढतो. शाळेत, विहारात, कोणाच्या नातेवाइकाच्या ओसरीवर, कुठेही. पण पुरती झोप घेतल्याशिवाय गाडीला किक मारत नाही. आणि परततानाही वाटेत एक मुक्काम.

रस्त्यात काही झालेच तर

१०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, ११२ वर पोलीस मिळतात, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदतीची सोय आहे. जखमीला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. मानेला मार असण्याची शंका असेल आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तरी थांबा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली आहे. आमच्या पोराला शेतातून वर काढणारा माणूस कोण, कुठला, आम्हाला अजून माहीत नाही. त्याने जात विचारली नाही, आम्हीही विचारली नाही.

निघण्याआधी एवढे बघा

• आदल्या रात्री सात तास झोप झाली का?
• टायरची हवा दोन माणसांच्या भाराप्रमाणे भरली का? ब्रेक, दिवे, चेन तपासली का?
• दोघांना दोन हेल्मेट आहेत का?
• पाणी, साखर, मीठ, केळी, गोळ्या, बँडेज वरच्या पिशवीत आहेत का?
• पाकीट मागच्या खिशातून काढले का?
• मुक्कामाच्या विहारात कळवले का?
• ताफ्यात सगळ्यात हळू चालवणारा पुढे आहे का?

शेवटचा मुद्दा आमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे. पूर्वी जोरात चालवणारा पुढे असायचा आणि बाकीचे त्याच्या मागे फरफटत जायचे. आता उलट आहे. अकोल्याजवळ ज्याचे हाड मोडले तोच ताफ्याच्या पुढे असतो. कुठे थांबायचे ते तो ठरवतो. त्याने हात वर केला की सगळ्यांनी गाड्या बाजूला घ्यायच्या, मग कोणाला कितीही घाई असो.

यंदा निघण्याआधी आम्ही त्याच्या आईला विचारायला गेलो. “कधी येणार परत?” तिने विचारले. आम्ही म्हणालो, “मागच्यापेक्षा एक दिवस उशिरा.” तिने मुलाच्या पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या.

दीक्षाभूमीला सगळ्यांनी जा. सुखरूप जा, सुखरूप परत या.

जयभीम! नमो बुद्धाय!